चाकू परजला, पाजळला की पाजवला?

नेरूळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आंब्याची कलमं बांधायला आजोबा वापरायचे तो मिटता चाकू त्यांना ट्रंकेच्या तळाशी गंजलेला सापडला. त्यांनी तो साफ केला, धार लावली आणि घरच्या ग्रुपवर फोटोखाली लिहिलं, 'आजोबांचा चाकू परजला.' मामांनी लगेच दुरुस्त केलं, 'परजला नाही रे, पाजवला.' आत्याचं मत 'पाजळला'. यात बरोबर कोण? आणि मुळात याला चाकू म्हणावं की सुरी?

परजला नक्की नव्हे. परजणं म्हणजे शस्त्र उपसून, सरसावून फिरवणं. तलवार परजतात ती समोर कुणी उभं असतं म्हणून. धार त्याआधी कधीच लागलेली असते. ट्रंकेतून काढलेल्या चाकूवर तुम्ही तेल आणि पॉलिशपेपर घेऊन बसलात, ते परजणं नव्हे.

आत्याचा शब्द तुमच्या कामाला चपखल बसतो. पाजळणं हे प्रज्वलनाच्या घरातलं. दिवा पाजळतात, मशाल पाजळतात आणि शस्त्रही पाजळतात. 'अक्कल पाजळू नकोस' हे तर आपण रोज ऐकतो. उजेडाचा शब्द धारेला कसा लागला, ते निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, जुनं पातं घासताना डोळ्यांनी दिसतं. गंजाने तपकिरी पडलेलं पातं दहा-पंधरा मिनिटं एकाच कोनात फिरवत राहिलात, की कडेला केसाएवढी पांढरी रेघ पेटते. टोकापासून मुठीपर्यंत ती अखंड झाली की पातं पाजळलं. (धार 'लावली' म्हणा, 'काढली' नको, धार काढायची ती गाई-म्हशीची.)

मामांचा 'पाजवला' माझा सगळ्यात आवडता शब्द, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. बोलताना पुष्कळ जण पाजवणं आणि पाजळणं एकाच अर्थाने वापरतात, त्याला माझी हरकत नाही. पण गावाकडे नांगराचा फाळ, कुदळ, विळा 'पाजवून आणतात', म्हणजे लोहाराकडून आणतात. तो भट्टीत लाल करतो, ठोकून कड पातळ करतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो. पातं कडक करायच्या या रीतीलाच पाणी देणं म्हणतात. मी पाजवणंचं नातं या पाणी पाजण्याशीच लावतो. सुश्रुतसंहिता या शस्त्रक्रियेच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शस्त्रांची 'पायना' सांगितली आहे, म्हणजे शब्दशः पाजणंच. ती तीन प्रकारची: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाड कापायच्या शस्त्राला क्षार, मांस छेदायच्या शस्त्राला पाणी, रक्ताची शीर वेधायच्या शस्त्राला तेल. तिथेच धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती धार टिकवायला सावरीची फळी सांगितली आहे. धार लावण्याला तिथला शब्द 'निशान'. आपला निसणा त्याच्या किती जवळचा, हे कानालाच कळतं.

पाणी उतरणं म्हणजे काय, ते मला ठाण्यातच कळलं. जांभळी नाक्याजवळ एका भंगारवाल्याकडून साठ रुपयांना मिटता चाकू घेतला होता. मूठ लाकडी, पातं साध्या पोलादाचं. सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडून, रात्रभर ठेवून तो उघडला. पुढचं काम हाताने करायचं सोडून नौपाड्यात गल्लीत आलेल्या सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला. दगड जोरात फिरला, ठिणग्या उडाल्या आणि नखाएवढं टोक निळं-जांभळं झालं. तापून तेवढ्या भागाचं पाणी उतरलं होतं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला होता. त्याला धार लागे, पण दोन पेरू कापले की बोथट. बाकीचं पातं आजही कागद सरळ चिरतं. पाणीदार, पाणी जोखणं, पाणी दाखवणं हे शब्द मी तोवर नुसते वाचत होतो. त्या टोकाने ते हातात दिले.

तुम्ही भट्टी लावलेली नाही, पात्याला पाणी आजोबांच्या वेळचंच आहे. म्हणून पाजळला. नुसती चकाकी आणली असती तर तिला जुना शब्द आहे शिकल, आणि ती करणारा तो शिकलगार. मूळ अरबी 'सैकल'. आज तो शब्द बहुतेकांना आडनाव म्हणूनच भेटतो.

आता चाकू की सुरी. सुरी आपली जुनी: हिंदीत छुरी, मराठीत छ चा स झाला. मच्छचा मासा आणि कच्छपाचं कासव झालं, तसंच. चाकू फारसीतून आला. माझ्या कानाला सुरीचं पातं मुठीत पक्कं असतं आणि मिटतो तो चाकू. पूर्वी बोरूची लेखणी तासायला चाकूच लागे. त्या लेखणीलाही कलम म्हणत आणि आजोबांनी बांधली तीही कलमं. तुमचा चाकूच.

तेव्हा फोटोखाली 'आजोबांचा चाकू पाजळला' असं लिहा. आणि नेरूळच्या खाडीच्या हवेत साधं पोलाद चार दिवसांत पुन्हा तपकिरी पडतं, तर मिटायच्या आधी पात्यावरून तेलाचं बोट फिरवत जा.