पाचवीतल्या मुलाला पदार्थांच्या अवस्था समजाव्यात म्हणून घरी कोणते सोपे प्रयोग करून घ्यावेत, आणि त्यासाठी प्रयोगांचा संच विकत घ्यावा का?

संच घेऊ नका. आपल्या मुलाला लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहेत, एखादी औषधांच्या दुकानात मिळेल. मुद्दाम विकत आणावी अशी एकच वस्तू आहे: प्रयोगशाळेत वापरतात तो, शून्याच्या खालपासून शंभराच्या वरपर्यंत खुणा असलेला, लाल द्रवाचा तापमापक. ताप पाहण्याचा तापमापक येथे उपयोगाचा नाही, कारण त्यावर साधारण ३५ ते ४२ अंशांच्या बाहेरचे काही वाचता येत नाही. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. प्रथम वर्षाला येणाऱ्या मुलांना द्रवणांकाची, म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो त्याची, व्याख्या तोंडपाठ असते, परंतु वितळत असलेल्या पदार्थात तापमापक धरून त्याच्याकडे दहा मिनिटे पाहत बसण्याची वेळ त्यांच्यावर शाळेत कधी आलेली नसते. ही उणीव रंगीत खोक्यात मिळणाऱ्या संचाने भरून निघत नाही.

आपल्या प्रश्नाला उत्तर द्यावे असे मला वाटले त्याचे कारण मात्र खोबरेल तेल हे आहे.

आम्ही नाशिकला राहतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात इतकी थंडी पडते, आणि शहरातही सकाळी न्हाणीघरातल्या बाटलीतले खोबरेल तेल गोठून पांढरे झालेले असते. माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या सहामाहीनंतरच्या चाचणीत दगड, दूध, हवा, मीठ आणि खोबरेल तेल या पदार्थांचे स्थायू, द्रव आणि वायू असे वर्गीकरण करा, असा प्रश्न आला होता. तिने खोबरेल तेल दोन्ही रकान्यांत लिहिले. स्थायूच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘थंडीत’ आणि द्रवाच्या रकान्यात ‘उन्हाळ्यात’ असा शब्दही लिहिला. बाईंनी स्थायूच्या रकान्यातले उत्तर लाल शाईने खोडले आणि गुण दिला नाही. घरी आल्यावर तिने मला एवढेच विचारले, “आई, सकाळी मी बाटली उलटी केली तेव्हा तेल पडलेच नाही, मग ते द्रव कसे?”

मी उत्तरपत्रिका घेऊन शाळेत गेले. बाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि सांगितले, की तेल हे द्रवच आहे, परीक्षेत पुस्तकातले उत्तर अपेक्षित असते आणि असे दोन-दोन रकाने भरायला लागल्यास मुलांचा गोंधळ होतो. शिवाय बाजारातले तेल गोठत असेल तर त्यात मेण मिसळलेले असणार, अशीही शंका त्यांनी बोलून दाखवली. गोंधळाविषयीच्या त्यांच्या मताशी मी त्या वेळी सहमत नव्हते आणि आजही नाही. मेणाविषयीची शंका मात्र तपासून पाहता येण्यासारखी होती, म्हणून येणाऱ्या रविवारी आम्ही मायलेकींनी ती तपासली. आपण एकच प्रयोग करणार असाल, तर तो हाच करा.

अरुंद तोंडाच्या काचेच्या छोट्या बाटलीत पातळ केलेले खोबरेल तेल भरावे, मध्यभागी तापमापक उभा ठेवावा आणि तेल त्याच्याभोवती गोठू द्यावे. नंतर ती बाटली चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून मुलाला दर मिनिटाला तापमान वाचून वहीत लिहायला सांगावे. आमच्या बाटलीत आकडा आधी भराभर चढला, बाविसाच्या पुढे त्याची चाल मंदावली, कडेचे तेल पारदर्शक होत गेले तरी मधला पांढरा गाभा बराच वेळ टिकला, आणि सव्वीसाच्या जवळ तो नाहीसा होताच आकडा पुन्हा वेगाने चढू लागला. चौकटीच्या कागदावर बिंदू मांडले तेव्हा मधला सपाट तुकडा मुलीने स्वतःच बोटाने दाखवला. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या आसपास वितळते. ते अनेक प्रकारच्या स्निग्ध घटकांचे मिश्रण असल्यामुळे बर्फासारखे एकाच आकड्यावर न वितळता दोन-चार अंशांच्या पट्ट्यात वितळते. मेणबत्तीचे मेण वितळण्यासाठी बहुधा पन्नासच्या पुढे जावे लागते. बाटलीतला घट्ट पदार्थ मेण असता, तर सव्वीस अंशांना तो असा निवळला नसता. शेजारी ठेवलेले शेंगदाणा तेल त्याच थंडीत पातळच राहिले होते, तेव्हा दोष थंडीचा किंवा दुकानदाराचा नसून प्रत्येक पदार्थाचे वितळण्या-गोठण्याचे स्वतःचे तापमान असते, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

याच बाटलीत आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत आणि त्या बहुतेक लोक सोडून देतात. पातळ तेल थंड पाण्यात ठेवले तर ते २४ अंशांच्या बरेच खाली जाऊनही काही काळ पारदर्शक राहते, मग एकाएकी गढूळ होऊ लागते, आणि त्या क्षणी तापमानाचे उतरणे थांबते, कधी ते किंचित वरही चढते. गोठणारा पदार्थ उष्णता बाहेर टाकतो, हे मुलाला त्या आकड्यात दिसते. दुसरे म्हणजे गोठलेल्या तेलाचा पृष्ठभाग मधोमध खचलेला असतो, कारण तेल गोठताना आकसते. घट्ट तेलाचा तुकडा पातळ तेलात टाकल्यास तो बुडतो. पाणी याच्या उलट वागते: गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. एका पेल्यात बर्फ-पाणी आणि दुसऱ्यात घट्ट व पातळ तेल असे शेजारी ठेवले, म्हणजे अपवाद कोणता आणि नियम कोणता, हे मूल विचारायला लागते. तूप, मेण, खोबरेल तेल हे सगळे बुडणारे आहेत. पाणी निराळे आहे.

मुलीने हा आलेख वहीत चिकटवून बाईंना दाखवला. त्यांनी तिचे कौतुक केले, परंतु गुण दिला नाही, कारण आदर्श उत्तरपत्रिकेत तेल द्रवच होते. माझा आक्षेप त्या एका गुणाविषयी नव्हता. तीन रकान्यांचा तो तक्ता मुलांना असे शिकवतो, की स्थायू, द्रव आणि वायू हे पदार्थांचे कायमचे गट आहेत. प्रत्यक्षात तापमान आणि दाब सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला पूर्ण उत्तरच नसते. लोखंड दीड हजार अंशांच्या पुढे द्रव असते आणि हवेतला नायट्रोजन उणे १९६ अंशांना द्रव होतो. दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत त्याच्या हातात तेलाची बाटली द्यावी आणि दुपारी ती उन्हात ठेवायला सांगावी.

आता उरलेल्या प्रयोगांविषयी थोडक्यात लिहिते. बर्फाचा एक प्रयोग जरूर करा. बर्फ कुटून तो ओलसर होईपर्यंत थांबा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० ग्रॅम मोजा, आणि त्यात ६० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ओतण्यापूर्वी मुलाला अंतिम तापमानाचा अंदाज लिहून ठेवायला सांगा. बहुतेक मुले, आणि मोठेही, तीस म्हणतात. प्रत्यक्षात पाणी शून्याजवळ येऊन थांबते आणि काही बर्फ शिल्लक राहतो, कारण एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती तापमान न वाढवता खर्च होते. या अप्रकट उष्म्याचा शोध जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगोमध्ये १७६० च्या दशकात याच स्वरूपाच्या मोजमापांतून लावला.

औषधांच्या दुकानातून बिनसुईची नवी सिरिंज आणा. तिच्यात हवा भरून तोंड बोटाने बंद केले तर दट्ट्या आत दाबता येतो, पाणी भरल्यास येत नाही. उकळून मग बोटाला सोसवेल इतके निवू दिलेले पाणी थोडेसे आत घेऊन, हवा काढून, तोंड बंद करून दट्ट्या जोराने मागे ओढला तर ते पाणी बुडबुडे सोडत उकळते. दट्ट्या सोडला की बुडबुडे नाहीसे होतात. उकळण्यासाठी पाणी शंभर अंशांना न्यावेच लागते, हा समज या एका कृतीने दूर होतो. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो, म्हणूनच नाशिकला पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही कमी तापमानाला. कापराची वडी उघड्या बशीत ठेवून रोज वजन केले, तर द्रव न होता तिचे वायूत रूपांतर होते, म्हणजे संप्लवन होते, तेही दिसेल. वड्या छोट्या असतात, तेव्हा दहा-बारा एकत्र ठेवा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी या विषयात आणू नका. तेथे नवा वायू रासायनिक क्रियेने तयार होतो, कोणत्याही पदार्थाची अवस्था बदलत नाही, आणि विज्ञान प्रदर्शनात त्यालाच बक्षीस मिळते हे मला अजिबात पटत नाही. कॉर्नफ्लॉवर आणि पाण्याचे ते दाबल्यावर घट्ट होणारे मिश्रण मुलांना आवडते, ते खुशाल करा, पण ‘स्थायूही आणि द्रवही’ असे सांगून त्याचा या धड्याशी संबंध जोडू नका. ते पाण्यात तरंगणाऱ्या पिठाच्या कणांचे वागणे आहे, तेथे काहीही वितळत किंवा गोठत नाही.

आपल्या मुलाच्या परीक्षेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगते. वर्गीकरणाचा प्रश्न आल्यास त्याला रकाना भरू द्या आणि पदार्थापुढे तापमान लिहायला शिकवा. गुण गेला तर वहीतला आलेख घेऊन आपण स्वतः शाळेत जा, शांतपणे बोला, परंतु ‘मुलांचा गोंधळ होतो’ या उत्तरावर परत येऊ नका. आमच्या बाईंच्या वर्गात मुले खूप होती आणि तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता, याची मला जाणीव आहे. तरीही मुलाने डोळ्यांनी पाहून लिहिलेले खोडण्यापूर्वी त्याला ‘असे का लिहिलेस’ एवढे विचारण्याइतका वेळ त्यांच्यापाशी होता, असे माझे मत आहे.

काही खबरदारी सांगायची राहिली. पाऱ्याचा तापमापक मुलाच्या हातात देऊ नका. पाण्याने काठोकाठ भरलेली, झाकण लावलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका, ती फुटते. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या घरी तापवू नका. त्यांची वाफ पेट घेते, आणि डांबराच्या गोळ्या तर लहान मुलांपासून दूरच ठेवाव्यात. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावे. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, तर तेल घट्ट होण्यासाठी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. आणि केसांना लावण्याची जी तेले खनिज तेल मिसळून बनवलेली असतात ती नीट गोठत नाहीत, म्हणून या प्रयोगासाठी खाण्याचे शुद्ध खोबरेल तेलच घ्या आणि बाटलीवरील घटकांची यादी आधी वाचून पाहा.