टोनी कुकोच नक्की किती मोठा खेळाडू होता? अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये 11.6 गुणांची सरासरी असताना हॉल ऑफ फेमचा सन्मान कसा मिळाला?

तुम्ही विचारलंय की शिकागो बुल्सवरच्या माहितीमालिकेत 1992च्या ऑलिंपिकमध्ये बुल्सचेच मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन ज्याला हैराण करतात, तो क्रोएशियन खेळाडू खरंच थोर होता की जॉर्डनच्या पंगतीला बसून एनबीए विजेतेपदाच्या तीन अंगठ्या घेऊन गेला. थोर होता. फक्त ते मोजायला तुम्ही जो आकडा धरलाय, तो त्याच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या अर्ध्याचा आहे.

पहिला अर्धा युरोपात झाला. कुकोच स्प्लिटचा, जन्म 18 सप्टेंबर 1968. लहानपणी टेबल टेनिस आणि फुटबॉल, बास्केटबॉल मागाहून आलं. 1987 साली इटलीत बोर्मिओला ज्युनियर विश्वचषकात युगोस्लाव्हियाकडून (क्रोएशिया तेव्हा त्याचाच भाग होता) खेळताना त्यानं अमेरिकेविरुद्ध 12 पैकी 11 थ्री पॉइंटर (लांबून टाकायच्या तीन गुणांच्या फेका) टाकले, एकूण 37 गुण. त्यानंतर स्प्लिटच्या युगोप्लास्टिका क्लबनं 1989, 1990 आणि 1991 असं सलग तीनदा युरोपचं विजेतेपद जिंकलं. सलग तीनचा पराक्रम त्याआधी फक्त रीगाच्या संघानं केला होता. शेवटच्या दोन्ही वर्षी फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्कृष्ट खेळाडू कुकोचच. 1993 मध्ये तो इटलीच्या बेनेटन ट्रेव्हिसोकडून खेळत होता, अंतिम सामना लिमोजविरुद्ध 59-55 असा हरला, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडू पुन्हा तोच. 1990चा विश्वचषक युगोस्लाव्हियानं जिंकला, त्यातही तोच.

आता हे बघा: हे सगळं करणारा माणूस 6 फूट 10-11 इंच उंच, डावखुरा, आणि चेंडू स्वतः ड्रिबल करत पुढे आणणारा. त्या काळी एवढ्या उंचीच्या माणसाला बास्केटखाली पाठमोरं उभं करत. कुकोच उभा असायचा समोर, कोर्टच्या मध्यावर, आणि समोरच्या उंच बचावपटूच्या डोक्यावरून पास द्यायचा. त्याला 'वेटर' म्हणायचे ते यासाठीच. दुसऱ्याच्या पानात वाढून देणारा. (उच्चार 'कुकोच', 'कुकोक' नाही. क्रोएशियन सी वर छोट्या v सारखी खूण असली की 'च'.)

आता बार्सिलोनाचं, म्हणजे त्या 1992च्या ऑलिंपिकचं प्रकरण. बुल्सचे जनरल मॅनेजर जेरी क्राउस यांनी 1990च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) 29व्या क्रमांकावर कुकोचला घेतलं आणि पुढची तीन वर्षं त्याच्या मागे लागले. पिपेन स्वतः कमी पगारावर खेळत होता, त्यामुळे राग क्राउस यांच्यावर आणि मार कुकोचला. पहिल्या सामन्यात अमेरिका 103-70 जिंकली, कुकोचचे गुण 4. मालिका बघून लोक इथेच थांबतात. 12 दिवसांनी अंतिम सामना झाला, त्यात एका टप्प्यावर क्रोएशिया 25-23 असा पुढे होता. शेवटी 117-85 असा हरला, पण कुकोचनं 16 गुण आणि 9 असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास) केले, समोर तोच जॉर्डन आणि तोच पिपेन. जेमतेम वर्षभर जुन्या देशाच्या संघानं त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं.

मग एनबीएत सरासरी कमी का? कारणं खेळाच्या नियमांत आणि संघाच्या रचनेत आहेत.

त्या काळी युरोपात झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा वाटून घेऊन केलेला बचाव, चालायचा, एनबीएत तो बेकायदा होता. म्हणजे अमेरिकेत प्रत्येकाला आपला माणूस एकट्यानं रोखावा लागायचा. कुकोचची खरी अडचण इथे होती. चपळ फॉरवर्डसमोर त्याचे पाय आडवे लवकर हलत नसत आणि वजनदार पॉवर फॉरवर्ड त्याला ढकलत बास्केटखाली न्यायचे. युरोपात शेजारचा माणूस सावरून घ्यायचा. शिकागोत त्यानं वजन वाढवलं, पण ताकद आली तर थोडी चपळाई गेली; हा सौदा मला कधीच पूर्ण पटलेला नाही. शिवाय तेव्हा युरोपातली थ्री पॉइंटची रेषा 6.25 मीटरवर, एनबीएतली वरच्या बाजूला 7.24 वर. पहिल्या वर्षी (1993-94) त्याची लांबची फेक धड बसली नाही. पुढच्या हंगामापासून 1997 पर्यंत एनबीएनं रेषा 6.71 मीटरवर आणली आणि 1995-96 मध्ये त्याचा लांबचा नेम 40 टक्क्यांच्या वर गेला. तोच त्याचा 'सिक्स्थ मॅन'चा हंगाम, आणि बुल्सचा 72 विजय-10 पराभवांचा.

सिक्स्थ मॅन म्हणजे सहावा माणूस, बेंचवरून येणारा. पुष्कळांना हे दुय्यम वाटतं. बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचा हिशेब वेगळा होता. जॉर्डन किंवा पिपेन विश्रांतीला बसले की चेंडू हाताळणारा कुणीतरी लागतो. तो जर एवढा उंच असेल तर समोरच्या संघाला बचावाची जोडी बदलावी लागते, आणि बदल करताना कुणीतरी मोकळा सुटतो. त्यांच्या ट्रँगल (त्रिकोणी आक्रमणाच्या) पद्धतीत एक जण पोस्टमध्ये (बास्केटजवळ), एक कोपऱ्यात, एक विंगवर (बाजूला) असतो, आणि यातल्या कुठल्याही जागी उभा राहून पुढचा पास ओळखणारा माणूस फार दुर्मीळ. कुकोच तिन्ही जागी चालायचा. संघातला डेनिस रॉडमन निलंबित असला की त्याला सुरुवातीच्या पाचांतही घेत.

जॉर्डन नसतानाचा कुकोच बघायचा असेल तर दोन ठिकाणं. 13 मे 1994, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध बाद फेरीतला तिसरा सामना, बरोबरी 102-102, शिल्लक 1.8 सेकंद. जॅक्सननी शेवटची फेक कुकोचसाठी आखली, पिपेन रुसून बेंचवर बसला, आणि कुकोचनं चेंडू आत घातला. चर्चा मात्र आजही रुसण्याचीच होते. दुसरं, 1998-99. जॉर्डन, पिपेन, रॉडमन सगळे गेले होते. 50 सामन्यांच्या त्या तुटपुंज्या हंगामात बुल्सनी फक्त 13 जिंकले, पण गुण (18.8), रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवणं, (7) आणि असिस्ट (5.3) या तिन्हींत संघात पहिला कुकोच. पुढे फिलाडेल्फिया, अटलांटा आणि मिल्वॉकी, 2006 साली निवृत्ती. या भागात फार काही सांगण्यासारखं नाही.

हॉल ऑफ फेमबद्दल गैरसमज असा की ते एनबीएचं आहे. तसं नाही, ते सगळ्या बास्केटबॉलचं आहे, त्यात युरोपातली आणि देशासाठीची कामगिरीही धरतात. कुकोचची निवड 2021 साली आंतरराष्ट्रीय समितीकडून झाली आणि समारंभात त्याला मंचावर सोबत देणाऱ्यांत जॉर्डन होता.

एकच सामना बघायला वेळ असेल तर 1998च्या अंतिम फेरीतला पाचवा, यूटाविरुद्ध. बुल्स 83-81 हरले म्हणून तो कुणी लक्षात ठेवत नाही. त्या रात्री जॉर्डनच्या 26 पैकी 9 फेका आत गेल्या, पिपेनच्या 16 पैकी 2. कुकोचच्या 13 पैकी 11, आणि गुण 30.