केमोकाइन आणि पेशींच्या स्थलांतरावरच्या परिषदेला पहिल्यांदाच पोस्टर घेऊन जाताना काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीचा प्रकल्प टी पेशींवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर) आहे, ट्रान्सवेलमध्ये, म्हणजे मधे सच्छिद्र पडदा असलेल्या वर-खाली दोन कप्प्यांच्या भांड्यात, सीएक्ससीएल१२ या केमोकाइनच्या (पेशींना आपल्याकडे ओढणाऱ्या छोट्या प्रथिनाच्या) दिशेनं किती पेशी उतरल्या ते मोजलंय, पोस्टर स्वीकारलं गेलंय, पण कार्यक्रमपत्रिकेतली नावं बघूनच छाती दडपली. मी याच क्षेत्रात, न्यूट्रोफिलवर (पांढऱ्या रक्तपेशींच्याच आणखी एका प्रकारावर) काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावांचं आधी उरकू. माणसात केमोकाइन पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांना ओळखणारे पेशीवरचे रिसेप्टर वीसेक. ज्येष्ठ मंडळी बोलताना अजून जुनी नावं वापरतात: आयएल-८ म्हणजे सीएक्ससीएल८, एसडीएफ-१ म्हणजे तुमचंच सीएक्ससीएल१२. तुमच्या कामाशी संबंध असलेल्या जोड्या वहीत लिहून ठेवा, बाकीच्या पाठ करत बसू नका.

वेळ द्यायचाच तर सीएक्ससीआर४ ला, म्हणजे सीएक्ससीएल१२ च्या रिसेप्टरला द्या. अस्थिमज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल१२ बनवतात आणि त्याच्या ओढीनं मूळ पेशी तिथेच थांबून राहतात. एचआयव्ही पेशीत शिरताना याच रिसेप्टरचा आधार घेतो हे १९९६ मध्ये कळलं. एचआयव्हीवर उपाय म्हणून हा रिसेप्टर अडवणारं एक औषध तपासलं जात होतं, तेव्हा ते घेणाऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. एचआयव्हीवर ते चाललं नाही. मात्र मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणायला त्याचा उपयोग झाला आणि २००८ मध्ये प्लेरिक्साफोर म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता उलटी बाजू बघा. विम सिंड्रोम या दुर्मीळ आजारात सीएक्ससीआर४ चं शेपूट जनुकीय बदलामुळे तुटलेलं असतं, त्यामुळे रिसेप्टर वेळेवर बंद होत नाही. न्यूट्रोफिल मज्जेत भरपूर असतात, पण बाहेर पडत नाहीत, आणि रुग्णाला वारंवार संसर्ग होतात. पेशी तयार होणं आणि ती हव्या त्या जागी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या आजाराइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसलेलं नाही. परिषदेतलं प्रत्येक व्याख्यान याच अंगानं ऐका: कोणती पेशी, कुठून कुठे, आणि तिला थांबवतं कोण?

तो ‘थांबवतं कोण’ बहुतेक जण विसरतात. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लात शंभरेक पेशींचा एक पुंजका अंगाच्या कडेनं डोक्याकडून शेपटीकडे सरकतो. वाटेवर सीएक्ससीएल१२ सगळीकडे जवळपास सारखंच असतं, मग दिशा कळते कशी? पुंजक्याच्या मागच्या भागातल्या पेशी सीएक्ससीआर७ हा सीएक्ससीएल१२ चाच दुसरा रिसेप्टर वापरून ते गिळून टाकतात, त्यामुळे मागे कमी आणि पुढे जास्त असा उतार पुंजका स्वतःच तयार करतो. २०१३ मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. त्याचे व्हिडिओ जाण्याआधी जरूर बघा.

औषधांच्या सत्रात सूर निराशेचा वाटेल. संधिवातावर सीसीआर१ आणि सीसीआर२ हे केमोकाइन रिसेप्टर अडवणारी औषधं मोठ्या अपेक्षेनं चाचण्यांत उतरली आणि पडली. कारणांवर अजून वाद आहे. एकाची जागा दुसरा रिसेप्टर घेतो असं काही म्हणतात, औषध पुरेसा वेळ पुरेसे रिसेप्टर अडवतच नव्हतं असं इतर काही. मला दुसरं जास्त पटतं. हे सत्र चुकवू नका, इथे लोक मोकळेपणानं भांडतात आणि त्यातून खूप शिकायला मिळतं.

फोटोंबद्दलचा नियम आधी विचारून घ्या. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्ससारख्या बैठकांत व्याख्यानांचे आणि पोस्टरचे फोटो काढायला सक्त मनाई असते, कारण तिथे अप्रकाशित काम मांडलं जातं.

आता तुमचं पोस्टर. पहिला प्रश्न हमखास हा येणार: पेशी दिशा धरून गेल्या की नुसत्या जास्त हलायला लागल्या? म्हणजे केमोटॅक्सिस की केमोकायनेसिस? याचं उत्तर एका साध्या नियंत्रणात, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या प्रयोगात आहे. सीएक्ससीएल१२ फक्त खाली न घालता वर आणि खाली सारख्याच प्रमाणात घाला. उतार गेला की पेशींचं उतरणंही घटलं पाहिजे. तरीही तितक्याच पेशी उतरल्या तर तुम्ही दिशा मोजलेली नाही. दुसरं म्हणजे पर्ट्युसिस टॉक्सिन दिलेल्या पेशींचा एक स्तंभ आलेखात असू द्या. हे रिसेप्टर पेशीच्या आत संदेश पोचवणाऱ्या जीआय प्रथिनातून काम करतात, हे विष ते प्रथिन बंद करतं आणि ते बंद झालं की स्थलांतर जवळपास थांबतं.

मात्रा वाढवल्यावर आलेख आधी चढून मग उतरला असेल तर घाबरू नका आणि तो भाग कापूही नका. जास्त मात्रेत रिसेप्टर संवेदना गमावतात, पेशीच्या आत ओढले जातात आणि स्थलांतर कमी होतं. जाणकार माणूस तुमच्या आलेखात तो घंटेसारखा आकारच शोधेल, सरळ वर जाणारी रेघ दिसली तर उलट शंका घेईल.

परिषदेला थोडे आठवडे असतील तर वर-खाली सारखी मात्रा देण्याचं ते नियंत्रण याच आठवड्यात लावून टाका. पेशी आणि केमोकाइन तुमच्या हाताशी आहेतच, एका दिवसाचं काम आहे.