‘पांडवप्रताप सोडला’ म्हणजे अर्धवट टाकला का?

एका वाचकाचा प्रश्न असा आला आहे. त्यांच्या पणजोबांच्या जुन्या रोजनिशीत आषाढ शुद्ध एकादशीला नोंद आहे: ‘रात्री दादांनी पांडवप्रताप सोडला. दहाला बांधला.’ दोन दिवसांनी पुन्हा तेच, ‘पांडवप्रताप सोडला’. एकदा सोडून दिलेला ग्रंथ परत कसा सोडतात? आणि बांधला म्हणजे काय, पुस्तकाला पुठ्ठा घातला?

नेमकं उलटं आहे. पांडवप्रताप म्हणजे श्रीधरांनी ओवीत सांगितलेली महाभारताची कथा, घरोघरी वाचली जाणारी पोथी. सोडला म्हणजे वाचायला घेतला, बांधला म्हणजे त्या दिवसाचं वाचन थांबवलं. इथे सुटते ती गाठ.

पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांची चळत. तिला शिवण नाही, पुठ्ठा नाही. वर-खाली एकेक लाकडी पट्टी, भोवती कापडाचं बासन आणि वरून दोरी. माझ्या आजोळची पोथी लाल बासनात असायची. आजोबा पाटावर बसून आधी गाठ सोडत. गाठीला नखं लावायची नाहीत असा नियम होता, त्यामुळे कधी कधी ती सुटायलाच पाच मिनिटं जायची आणि आम्ही पोरं तेवढ्यात पेंगायला लागायचो. मग पोथी कपाळाला लावायची, घडीच्या व्यासपीठावर, म्हणजे पोथीच्या लाकडी स्टँडवर ठेवायची. एकेक पान दोन्ही हातांनी उचलून उलटायचं. शेवटी सगळी पानं ठोकून एकसारखी करायची आणि बासनात बांधायची. या विधीत डोळ्यात भरते ती गाठच, म्हणून क्रियापदही तिथूनच आलं. एखादी योजना आपण आजही ‘बासनात गुंडाळतो’, तेव्हा कापड तेच असतं. फक्त ते पुन्हा सोडायचा विचार नसतो.

ही बांधाबांध नुसती हौस नव्हती. पोथ्यांच्या शेवटी नकलाकार एक संस्कृत श्लोक हमखास लिहीत. त्यात पुस्तकच बोलतं: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. तेल म्हणजे समोरच्या समईचं. आणि बांधणी सैल पडली की पान गेलंच, म्हणून समासात पानाचा आकडा, ग्रंथाचं नाव आखडून आणि बऱ्याचदा कोपऱ्यात ‘राम’. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास (हा समास म्हणजे प्रकरण) तर अख्खा लेखनावर आहे. भोवताली जागा सोडून मधे लिहा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असं रामदास सांगतात. आणखी एक सल्ला मला फार आवडतो: तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. चष्मा सर्रास नव्हता तेव्हाच्या वाचणाऱ्याची खरी अडचण त्या एका ओळीत आहे.

रोजनिशीत कुठे ‘पोथी लावली’ असं दिसलं तर तो निराळा प्रकार. सोडणं रोजचं, लावणं हंगामाचं. आपण दूध लावतो, खानावळ लावतो, शिकवणी लावतो, पेपर लावतो, एवढंच काय लायब्ररीसुद्धा लावतो; त्यातलंच हे लावणं. एकदा ठरवायचं आणि मग नेमाने चालू ठेवायचं. चातुर्मासात देवळात पुराण लागायचं ते असंच. चार महिने रोज तेच, म्हणून ‘काय पुराण लावलंयस!’ हा वैतागही त्याच देवळातून आला असणार, असं माझं मत.

आता ‘सोडला’ का, ‘वाचला’ का नाही? वाचणे हे क्रियापद तेव्हाही होतंच, पण त्याचा कान आपल्यापेक्षा वेगळा होता. संस्कृतात वच् म्हणजे बोलणं आणि ‘वाचयति’ म्हणजे बोलायला लावणं. अक्षरांना बोलतं केलं की वाचन झालं. मनातल्या मनात वाचणं अपवादाचं असावं. आज शाळेत ‘मूकवाचन’ आणि ‘प्रकटवाचन’ अशी दोन विशेषणं लावावी लागतात, पण आजोबांना ‘प्रकट’ या विशेषणाची गरजच नव्हती. ‘वाचून दाखव’ यातलं दाखवणंही कानालाच असतं. (जीव वाचणे यातलं वाचणे वेगळं, ते हिंदीतल्या ‘बचना’चं भावंड. दोन्हींची सांगड घालून सुविचार करणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावं.)

पांडवप्रताप लिहिणाऱ्या श्रीधरकवींचे ग्रंथ या घरगुती मैफलींचे राजे. हरिविजय 1702चा, रामविजय 1703चा, पांडवप्रताप 1712चा, शिवलीलामृत 1718चं. ओवी सोपी, मधूनमधून थेट श्रोत्यांना हाक. एक वाचणार, बाकीचे ऐकणार. ऐकणाऱ्याला अक्षर लागत नसलं तरी चालायचं. ‘लागणे’, म्हणजे लिहिलेलं उलगडणे, हेही त्याच काळचं क्रियापद. हस्तलिखितात शब्द सलग, मोडीत तर आधी ओळ आखून खाली अक्षरं लोंबकळवलेली; त्यामुळे वाचता येतं का यापेक्षा लागतं का, हा खरा प्रश्न. डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल आपण अजून तोच विचारतो.

तुमच्या पणजोबांकडे छापील प्रतच असेल. त्याने फरक पडत नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले तेव्हा छापील कागदाला न शिवणारी सोवळी माणसं होती. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचं सांगतात ते त्यांच्यासाठीच. धार्मिक ग्रंथ पुढेही कितीतरी वर्षं आडव्या सुट्या पानांचेच छापले जात. पुढे शिवलेली पुस्तकं आली, गाठ गेली, पण तोंडातलं ‘सोडला’ गेलं नाही. माझ्या आजीने पुठ्ठ्याची, पिवळ्या कापडात गुंडाळलेली प्रतसुद्धा ‘सोडलेली’ मी ऐकली आहे.

आता तुमच्या रोजनिशीकडे. पांडवप्रतापाचे अध्याय 64. आषाढी ते कार्तिकी धरली तर चार महिने, म्हणजे साधारण दोन दिवसांना एक अध्याय. तुमच्या दोन नोंदींतलं अंतर त्याच्याशी जुळतं. दादांनी तो पुरा केला की खरंच सोडून दिला, हे बघायचं असेल तर कार्तिक शुद्ध एकादशीच्या आसपासची पानं उलटा. अशा वेळी ‘समाप्ती’ हा शब्द येतो, आणि त्याच्याखाली बहुधा शिऱ्याला किती रवा लागला, त्याचा हिशेब.