उत्तर: आजी-आजोबांच्या लग्नाची फक्त तिथी माहितीये, दाखला नाही

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याच घरचं चाललंय असं वाटलं. तुमच्या आजोबांच्या डायरीत 'शके १८७०, वैशाख वद्य पंचमी' एवढंच, घराण्याच्या पुस्तिकेत दोघांच्या संसारावर चार पानं लिहायचीयेत आणि लग्नाचा दाखला काही सापडत नाहीये. माझं मत विचाराल तर दाखल्यासाठी बाकीचं काम थांबवू नका.

तारखेचं सोपं आहे, शकात ७८ मिळवा (जानेवारी ते पाडव्याच्या आधीचं लग्न असेल तर ७९), म्हणजे १९४८. फक्त मोबाईलवरच्या पंचांगात सेटिंग अमान्त (महिना अमावास्येला संपणारं, आपल्याकडचं) आहे ना ते बघा, उत्तरेकडचं पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणारं) असेल तर वद्य पक्ष महिनाभर अलीकडे सरकतो, तुमची पंचमी मेअखेरची आणि ॲप बिनदिक्कत एप्रिलअखेर दाखवेल. शुद्ध पक्षात ही भानगड नाही.

आता नोंदणी. जुन्या मुंबई राज्यातला विवाह नोंदणीचा कायदाच १९५३ चा, त्यामुळे तेव्हाची नोंद नसणं यात काही विशेष नाही. आमच्या वेळी एका कार्यालयाने लग्नाच्या सालाचं रजिस्टर बघितलं आणि "नाव नाही" म्हणून अर्ज परत दिला. नोंद होती हो, पण बऱ्याच वर्षांनी पेन्शनच्या कागदांसाठी केलेली, आणि तिथली रजिस्टरं लावलेली नोंदणीच्या तारखेने! एवढं एक वाक्य खिडकीवरच्या माणसाने सांगितलं असतं तर... ते नाही, रोज नवा कागद आणा, आज साहेब नाहीत, रजिस्टर बाइंडिंगला गेलंय. त्यात आजोबांचे मावसभाऊ गेले, लग्न डोळ्यांनी बघितलेलं शेवटचं माणूस. दाखला नंतर मिळाला, त्यात दोन नावं, तारीख आणि शिक्का, बस. (सगळीकडे असंच असतं असं नाही, आणि मी वकील नाही, वारसाबिरसासाठी हवा असेल तर रीतसर विचारा.)

त्यापेक्षा ट्रंकेत आहेराची वही आहे का बघा. आमच्या वहीत 'मुलीचे मामा, पितळी तांब्या', 'शेजारीण, चोळखण' अशा ओळी, पुढे गावांची नावं. घरात कोणाला ती माणसं माहीत नव्हती, पण एकेक ओळ मोठ्याने वाचली की आजी लगेच सुरू, हा कोण, कसा आला, जेवणावरून कोण रुसलं. तुमच्या आजी आहेत म्हणताय तर आजच फोनवर रेकॉर्डिंग लावून बसा. तेव्हा बाबांना खोलीत घेऊ नका, ते "अगं तसं नव्हतं" करत मधेच दुरुस्त्या सुरू करतात आणि आजी गप्प होते.

आणि पुस्तिकेत आजींना 'पत्नी: सौ. अमुक' एवढ्यावर संपवू नका प्लीज, जुन्या कुलवृत्तांतांतलं हे माझ्या डोक्यात जातं. माहेरचं नाव, आईवडील, गाव सगळं येऊ द्या. नावाची खात्री नसेल आणि शाळेत गेल्या असतील तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मिळेल. फोटोंच्या मागे नावं लिहाल ती पेन्सिलने, हलक्या हाताने, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.