यानावर सुतक कधी धरायचं?

प्रिय पोरी,

खर्डा वाचला. पहिल्याच प्रकरणात तू अख्खा ग्रह बेचिराख केलास, चार अब्ज माणसं गेली, आणि माझा चहा थंडसुद्धा झाला नाही. पुढे नायिकेची आई नागपुरात वारते, ते मात्र एका ओळीत उरकलंस. कादंबरी तिथे आहे.

आधी गणित कर. नायिकेचं यान प्रकाशाच्या 80 टक्के वेगाने निघालं (पहिल्या क्षणापासून तोच वेग धरू). महिन्याभराने आई गेली, भावाने त्याच दिवशी रेडिओवरून कळवलं. संदेश यानाला गाठतो तेव्हा यान सुटल्याला नागपुरात 5 महिने झालेले असतात, यानावर 3 (इतक्या वेगात यानावरचं घड्याळ सावकाश चालतं). अंबाझरी घाटावरचं आटोपून, रामटेकला अंबाळ्यात अस्थी सोडून, तेरवी करून भाऊ केव्हाच ऑफिसला जायला लागलाय, आणि नायिकेला आत्ता कळतंय.

तिने सुतक कसं धरायचं? परगावच्या माणसाला बातमी उशिरा कळायची, म्हणून जुन्या धर्मशास्त्रात त्याचीही सोय आहे. दहा दिवस उलटून कळलं तर तीन रात्री, वर्ष उलटून कळलं तर नुसती आंघोळ. आता वेग 95 टक्के कर. नागपुरात 20 महिने होतात, यानावर सहाच्या जरा वर. मग तीन रात्री की आंघोळ? नायिका आणि भाऊ यावरून भांडू देत, तेही एकेका उत्तराला महिनोन् महिने लागत असताना. सापेक्षतेवरची तुझी दोन पानांची व्याख्यानबाजी मग आपोआप गळेल.

खर्ड्यातली काकांच्या मेंदूची संगणकातली नक्कल मला फारशी रुचली नाही. अमर झाल्याबरोबर ते विश्वावर प्रवचन देतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला आपल्याकडचा माणूस आधी विचारेल, नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला कोणी द्यायचा? नक्कल हयात धरली, तर काकूची फॅमिली पेन्शन बुडते. हा पेच हाताशी असताना प्रवचन कशाला?

ग्रहाचं प्रकरण काढून टाक. त्या जागी तीन रात्री लिही, यानाच्या घड्याळाने. जेवणाच्या खोलीत तिच्या शेजारी कोण बसतं, कोण टाळतं, आणि मराठी न कळणाऱ्या सहकाऱ्याला ती काय सांगते, तेवढंच. दिवाळीआधी पाठव.

तुझे,
सर