बायोडेटात ‘नास्तिक’ लिहू का?

‘देव मानत नाही हे पक्कं आहे, पण मग स्वतःला नास्तिक म्हणवून घ्यायचं का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी मुलं-मुली बहुतेक लग्नाच्या वयातली असतात. तोवर सगळं निभावून जातं. आरतीला टाळ्या वाजवल्या, प्रसाद खाल्ला की कुणी जास्त विचारत नाही. स्थळं बघायला लागलं की मात्र अडतं.

स्नेहलचं तसंच झालं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 28, नोकरी पुण्यात, घर कोल्हापूरकडे. तिने बायोडेटात ‘नास्तिक’ असं लिहिलं. आईने ते खोडून तिथे ‘आवड : वाचन, प्रवास’ घातलं. त्यावरून आठवडाभर अबोला. त्यात मैत्रिणीने सुनावलं, “20 ऑगस्टला दाभोलकरांसाठी पुलावर जाऊन उभी राहतेस आणि स्थळं आली की लपवतेस?” (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 2013 मध्ये याच तारखेला पुण्यात त्या पुलावर हत्या झाली.)

“मॅडम, मी भित्री आहे का?” तिने विचारलं.

मला तसं वाटलं नाही. मैत्रिणीचा मुद्दाही मला पटला नाही. देवाधर्माला आपला विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असं अंधश्रद्धा निर्मूलन समिती कायम सांगत आली आहे, आणि त्या कामात देव मानणारे कार्यकर्तेही असतात. अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसत. लागू देव थेट नाकारत, दाभोलकर संघटनेची भूमिका मांडत. आपण कोण आहोत हे प्रत्येकाने एकाच पद्धतीने जाहीर करायला हवं, असं त्या चळवळीतही कुणी ठरवलेलं नाही.

मी तिला विचारलं, “लग्नानंतर नेमकं काय करायला लागू नये असं वाटतं?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सत्यनारायण.” जेजुरीला जायला ती तयार होती. नवरा पायऱ्यांवर उचलून घेणार, गंमतच आहे म्हणे. गौरीच्या जेवणाला तर ती हौसेने राबते. पण जोडीने पाटावर बसून ती कथा ऐकायची, आणि कलावती प्रसाद न घेता धावली म्हणून तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, या गोष्टीला हात जोडायचे, हे तिला जमणार नव्हतं.

पुढच्या वेळी आई आल्या. त्यांना सत्यनारायणाचं फारसं काही नव्हतंच. “अहो, ही असं लिहिते. उद्या आमचं दिवसकार्य तरी करेल का?” एवढं बोलून त्या रडल्या. स्नेहलला हे नवीन होतं. त्या दिवशी नास्तिकतेवर चर्चा झालीच नाही. आई-बाबांच्या माघारी काय करायचं, यावरच दोघी बोलत राहिल्या.

माझं मत मी दोघींनाही सांगितलं. आजीला, शेजारणीला, ऑफिसातल्या पूजेला वर्गणी मागणाऱ्याला ‘मी नास्तिक’ असं सांगायचं कुठलंही बंधन नाही. पण ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं, त्याला स्पष्ट सांगायलाच हवं. कारण तो त्या माहितीवर स्वतःचा निर्णय घेणार असतो. घरच्यांच्या पैशावर शिकणाऱ्या आणि घरी मारहाणीची भीती असलेल्या मुलाला मात्र मी थांबायलाच सांगते. पायावर उभा राहा, मग बोल.

‘फारसं मानत नाही’ या गुळमुळीत वाक्यावर माझा राग आहे. एका स्थळाने स्नेहलला नेमकं हेच सांगितलं. ती खूश झाली. चौथ्या भेटीत कळलं, त्याचा अर्थ एवढाच, की तो शनिवार धरत नाही. सत्यनारायण? “तो तर घरच्यांसाठी करायचाच असतो ना!” दोघांनी चहा संपवला आणि विषयही.

सरकारी कागदांचंही तिने विचारलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आहे की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, आणि ‘कुठलाही धर्म नाही’ असं सांगायचा हक्क माणसाला आहे. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे 1954 च्या, लग्न केलं तर विधी लागत नाहीत, 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पण जातीच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर कागदावर काही लिहिण्याआधी वकिलाला विचारा. अनुसूचित जातीचा दर्जा कायद्याने हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मांशी जोडलेला आहे. घरात बोलणं वेगळं, अर्जात लिहिणं वेगळं.

शेवटी मायलेकींनी बायोडेटाचं वाक्य मिळून लिहिलं : ‘मुलगी देव मानत नाही, पूजेला बसणार नाही, मानणाऱ्यांबद्दल आकस नाही.’ स्थळं कमी येतात. त्याखाली आईने स्वतःच्या हाताने ‘पुरणपोळी उत्तम करते’ असंही घातलंय, आणि स्नेहल म्हणते, नास्तिक खरं असलं तरी हे धादांत खोटं आहे.